जीभसाहेबांची चिमूट

आमच्या कारखान्यात साडेतीनशे माणसं काम करतात आणि त्यांतला एकच माणूस चावून थुंकण्याचा पगार घेतो. तो माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा आहे, हे मी आपण होऊन कुणाला सांगत नाही. बिस्किटांच्या कारखान्यात ते चव तपासायला आहेत. सगळा कारखाना त्यांना जीभसाहेब म्हणतो. आधी पाठीमागे म्हणायचे, मग ते त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांना इतकं आवडलं की लोक तोंडावर म्हणू लागले. आपली थट्टा चालली आहे हे इतकी वर्षं न कळलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

काम काय, तर दर तासाला ओव्हनमधून निघालेल्या बॅचमधलं एक बिस्किट पांढऱ्या बशीतून त्यांच्यासमोर येतं. जीभसाहेब डोळे मिटतात. कोपरा चावतात. जबडा तीनदा हलवतात, चौथ्यांदा कधीच नाही. मग शेजारच्या स्टीलच्या बेसिनमध्ये थुंकतात, कोमट पाण्याने चूळ भरतात आणि कागदावर खूण करतात. एवढ्याने ते दमतात. दुपारी एक ते दीड त्यांच्या खोलीच्या दारावर 'शांतता' अशी पाटी लागते, कारण जिभेला विश्रांती लागते म्हणे. ओव्हनच्या तोंडाशी आठ तास उभं राहणाऱ्यांना अशी पाटी अजून कुणी दिलेली नाही.

मी त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, पॅकिंगला आहे. माझं काम वाचायचं. रॅपरचा प्रत्येक नमुना, पाकिटावरचं प्रत्येक लेबल छपाईला जाण्याआधी माझ्या टेबलावरून जातं. घटक कोणते, वजन किती, तारीख कुठे, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांतली ती ओळ: यात गहू आहे, यात दूध आहे, यात सोया आहे. ती ओळ चुकली तर कुठल्यातरी घरातलं पोर गुदमरू शकतं. म्हणून मी ती बोट ठेवून वाचते आणि मग लेबलाच्या कोपऱ्यात माझा क्रमांक छापायला परवानगी देते. माझा क्रमांक सात. सोळा वर्षं हे करते आहे आणि माझ्या डोळ्यांना आजवर कुणी साहेब म्हटलेलं नाही.

धाकटीचं लग्न मी जमवलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. ते आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहाचा एक घोट घेऊन म्हणाले, पाणी दोनदा उकळलंय. झालं, बाबा भारावले. पाणी खरोखरच दोनदा उकळलेलं होतं, कारण स्वारी पाऊण तास उशिरा आली होती. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्याला एवढं कळतं तो संसारात काय कमी पडणार, असं बाबा आठवडाभर येईल त्याला सांगत होते.

संसारात त्यांनी लावलेले दिवे मी जवळून पाहिले. रोज जेवताना पहिला घास ते डोळे मिटून घ्यायचे आणि दहापैकी गुण द्यायचे. साडेसहा. सहा. एकदा आठ दिले होते, तो दिवस धाकटीने लक्षात ठेवला. स्वयंपाक करणाऱ्याची जीभ वाफेने बधिर होते, तिच्यावर भरवसा ठेवू नये, असा त्यांचा शोध होता. म्हणून तिने चाखायचं नाही, पहिली चव त्यांची. तेराव्या वर्षापासून चार माणसांचा स्वयंपाक करणारी माझी बहीण. एकदा माझ्या घरी भाजी करताना तिने मला विचारलं, ताई, यात मीठ आहे का गं? चमचा तिच्या स्वतःच्या हातात होता. त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिच्याकडे बघून मी मीठ ठीक आहे म्हणाले.

मग मुंगी झाली. जन्मतःच एवढीशी होती म्हणून मुंगी, पाळण्यातलं नाव कागदावरच राहिलं. बाळंतपणानंतर धाकटीला ताप आला, औषधं चालू झाली आणि पाचव्या आठवड्यात तिचं दूध आटलं. डब्याचं दूध सुरू केलं. पंधरा दिवसांत पोरीच्या गालांवर लाल खरखरीत चट्टे उठले. दूध प्यायली की उलटी, उलटी झाली की रडणं, आणि रडताना दोन्ही गुडघे पोटाशी ओढून घ्यायची. धाकटीचा जीव टांगणीला लागला. आणि जीभसाहेबांना वाटलं, चला, आता आपल्या हुशारीचं काम आलं.

त्यांनी पावडर चाखली. शिळसर आहे म्हणाले, दुसऱ्या कंपनीचा डबा आणला. तो गोड निघाला. तिसरा आणला, त्यात म्हणे गाभा नव्हता. दुधाच्या पावडरीला गाभा कुठे असतो ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. तिन्ही डबे मी ओट्यावर ओळीने मांडले आणि मागची यादी वाचून दाखवली. तिन्हींत पहिला शब्द गाईचं दूध. डबा बदलून काय होणार, दूध तेच आहे, असं मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"ताई, कागदावर चव नसते," ते म्हणाले.

चौथ्या महिन्याच्या शेवटी मुंगीच्या शीमध्ये रक्ताच्या रेघा दिसल्या. तेव्हा कुठे ते लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायला तयार झाले. मीही गेले, कारण धाकटी तिथे काही विचारणार नाही हे मला माहीत होतं. डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पोरीला उघडी करून पाहिली, वजन केलं, डब्यांची नावं ऐकली. म्हणाल्या, हिला गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी आहे. अशा बाळांसाठी वेगळी पावडर मिळते. तीही दुधाचीच, पण त्यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली असतात की पोटाला ती ओळखूच येत नाहीत आणि पोट त्यांच्याशी भांडत नाही. आजपासून फक्त ती द्यायची. जुने डबे घरातून बाहेर काढायचे.

जीभसाहेबांनी एकच प्रश्न विचारला. चवीला कशी असते?

"कडू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वासही घाण येतो. बाळं आधी तोंड फिरवतात, मग घेतात. धीर धरा. बाटलीत पाणी आणि ही पावडर, तिसरं काही नाही."

चौदा दिवसांनी, शनिवारी, पुन्हा वजन करायचं ठरलं. चार महिन्यांची पोर चार किलो आठशे भरली होती. वजन वाढलं नाही तर दवाखान्यात भरती करावं लागेल, नाकातून नळी घालून दूध द्यावं लागेल, हे त्यांनी साध्या आवाजात सांगितलं. धाकटीने पोरीला असं काही छातीशी धरलं की जणू नळी आत्ताच कुणी घेऊन येतंय.

घरी येऊन नवा डबा उघडला तो अर्थातच जीभसाहेबांनी. चमच्याच्या टोकावर पावडर घेतली, डोळे मिटले, आणि पुढच्या क्षणी मोरीकडे धावले. चार वेळा चूळ भरली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हे माणसाने घ्यायचं नाही, असा निकाल त्यांनी दिला. मी म्हणाले, तुम्हाला कुणी घ्यायला सांगितलेलं नाही.

मुंगीनेही तोच निकाल दिला. बाटली ओठांना लागली की तोंड घट्ट मिटायची, थेंब आत गेला तर जिभेने बाहेर ढकलायची. शनिवार गेला, रविवार गेला. दिवसभरात दोन-चार चमचे पोटात. रडून रडून आवाज बसला. आणि या सगळ्यात हे गृहस्थ काय म्हणाले असतील? पोरीने माझी जीभ घेतलीय. अभिमानाने म्हणाले. पोर उपाशी, बायको रडतेय, आणि ह्यांना वारसा मिळाल्याचा आनंद. मला त्या वेळी पायातली चप्पल हातात घ्यावीशी वाटली होती, हे मी लपवत नाही.

सोमवारी संध्याकाळी धाकटीचा फोन आला. मुंगी सगळी बाटली प्यायली. ह्यांनी बनवली, ह्यांच्या हातून प्यायली, आणि आणखी मागत होती. मी काम संपवून तशीच गेले. जीभसाहेब मुंगीला खांद्यावर घेऊन घरभर फिरत होते. काय केलंत विचारलं तर म्हणाले, बनवण्यात खुबी असते. पाण्याची ऊब, हलवण्याची पद्धत, असं बरंच काही. त्या दिवसापासून बाटल्या तेच बनवणार असं त्यांनी जाहीर केलं. सकाळी कामावर जाण्याआधी दिवसभराच्या चार तयार करून ते फ्रिजमध्ये ठेवत, संध्याकाळच्या आल्यावर. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःच्या चहाचा कप उचलून मोरीत ठेवला नव्हता तो बाटल्या उकळू लागला, आणि माझी बहीण कृतज्ञतेने निम्मी झाली. मला म्हणाली, ताई, तू उगाच त्यांच्यावर राग धरतेस. मी नाक मुरडलं. आपल्याच पोरीला सहा बाटल्या दूध पाजलं तर त्याची मिरवणूक काढायची का?

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या कारखान्यात काम करणाऱ्यांच्या अंगाला लोणी आणि व्हॅनिलाचा वास असतो. तो धुतल्याने जात नाही. कपड्यांत, केसांत, पिशवीच्या अस्तरात, सगळीकडे बसलेला असतो. बसमध्ये शेजारची माणसं हसून विचारतात की पिशवीत केक आहे का. आम्हाला स्वतःला तो येतच नाही. आला तरी आपलाच म्हणून आपण सोडून देतो.

त्या मंगळवारी मुंगीला मांडीवर घेतलं तेव्हा तिच्या तोंडाजवळ मला तो वास आला. मी माझी बाही झटकली आणि विसरून गेले.

गुरुवारी शिफ्ट सुटली तेव्हा जीभसाहेब फाटकातून माझ्या पुढे चालले होते. एक हात शर्टाच्या खिशावर घट्ट. रखवालदाराने सलाम केला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने केला. उजवा हात खिशावरच राहिला, पण ते वळले तेव्हा बोटांमधून दोन चंदेरी पाकिटांची टोकं दिसली. मी पाहिली. बिस्किटांच्या पिठात घालायच्या फ्लेवरची छोटी पाकिटं, पन्नास ग्रॅमची, आमच्याच पॅकिंगला भरली जाणारी. चोरी! शांततेची पाटी लावणारा माणूस पाकिटं खिशात घालून बाहेर पडत होता. मला किती बरं वाटलं हे मी सांगू शकत नाही. घरी बायकोकडून केक करून घेणार असतील आणि त्याला दहापैकी गुण देणार असतील, असं वाटलं. मी रखवालदाराला काही बोलले नाही, धाकटीलाही नाही. ही गोष्ट मी हातची राखून ठेवली. कधीतरी भर पंगतीत, ते कुणाच्या तरी चहाला नावं ठेवत असताना, ती काढायची असं ठरवलं आणि घरी जाऊन छान जेवले.

मुंगी बाटल्या रिकाम्या करत होती. पण दुसऱ्या आठवड्यात गालावरचे चट्टे मानेपर्यंत उतरले. उलट्या पुन्हा सुरू झाल्या. धाकटी म्हणायची, डॉक्टरांनी सांगितलंय वेळ लागतो. जीभसाहेब म्हणायचे, पिते आहे ना, मग झालं. मोठी ऑर्डर होती म्हणून कारखाना रविवारीही चालू होता. मी येता-जाता तासभर डोकवायचे, अंगावर तेच कपडे, नाकात तोच वास.

चौदाव्या दिवशी मुंगी चार किलो सहाशे भरली. शीमध्ये पुन्हा रक्त होतं. डॉक्टरीणबाईंनी काट्यावरचा आकडा दोनदा पाहिला. हे दूध घेऊनही असं होत असेल तर हिला हेही चालत नाही, असं म्हणावं लागेल, त्या म्हणाल्या. याच्या पुढची पावडर आहे, पण आता आधी भरती, तपासण्या, नळी. सोमवारी सकाळी खाट राखून ठेवते. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, बाटलीत दुसरं काही घालत नाही ना?

धाकटी म्हणाली, नाही. जीभसाहेबही म्हणाले, नाही. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. मी दाराशी पिशवी धरून उभी होते.

रविवारी ओव्हन साफ करायचे म्हणून कारखाना बंद होता. मी सकाळी डोक्यावरून आंघोळ केली, पेटीतले धुतलेले कपडे काढून घातले आणि धाकटीची पिशवी भरायला मदत करावी म्हणून गेले. ती झबल्यांच्या घड्या करत होती. एकेका झबल्याची घडी करायची, उलगडायची, पुन्हा करायची. मी मुंगीला घेतलं. अंगावर काही राहिलंच नव्हतं पोरीच्या, नुसती ऊब हातात घेतल्यासारखं वाटलं. ती जांभई देऊन माझ्या तोंडाजवळ आली आणि मला लोणी-व्हॅनिलाचा वास आला.

मी बाहीचा वास घेतला. साबण. पदराचा घेतला. साबण. पुन्हा मुंगीच्या ओठांशी नाक नेलं. बटर-व्हॅनिला, आमच्या तीन नंबरच्या ओव्हनचा, जसाच्या तसा. खिसा आणि पाकीट आणि डावा हात, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

मुंगीला धाकटीच्या हातात देऊन मी स्वयंपाकघरात गेले. जीभसाहेब ओट्याशी पाठमोरे उभे होते. बाटलीत पाणी आणि पावडर झालेली होती. त्यांनी साखरेच्या डब्यामागून चंदेरी पाकीट काढलं, दोन बोटांची चिमूट केली आणि अगदी नाजूकपणे, चित्रावर रंग शिंपडावा तशी, बाटलीत सोडली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

ते दचकले, पण लगेच सावरले. फ्लेवर आहे म्हणाले. चिमूटभर. त्याशिवाय ती घेत नव्हती. वास म्हणजे काही पदार्थ नव्हे, शंभर किलो पिठाला एवढंसं पाकीट पुरतं. डॉक्टरांना यातलं काय कळणार? मी विचारलं, पाकीट वाचलंत? ते म्हणाले, हे मी हजारदा चाखलंय, मला वाचायची काय गरज?

"मोठ्याने वाचा," मी म्हणाले.

त्यांनी वाचलं नाही. त्यांनी काय केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पाकिटात बोट बुडवून जिभेवर ठेवलं, डोळे मिटले, जबडा तीनदा हलवला. दवाखान्याची पिशवी शेजारच्या खोलीत अर्धी भरलेली आणि हा माणूस चव घेत होता.

"यात दुधाची चव नाहीच," ते म्हणाले.

मी पाकीट त्यांच्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. त्यांनी मान मागे नेली. अक्षरं बारीक होती. आधी घटक वाचले. दुधाची पावडर, लोण्याचा अर्क, व्हॅनिला. फ्लेवर नुसता कसा धरून राहील, तो दुधाच्या पावडरीवर बसवलेला असतो, हे कारखान्यात झाडूवाल्या बाईलाही माहीत आहे. मग खालची ठळक ओळ आली.

"यात दूध आहे," त्यांनी वाचलं.

त्या ओळीखाली, लेबलाच्या कोपऱ्यात बारीक सात छापलेला होता. तो त्यांनी पाहिला की नाही, मला माहीत नाही. मी पाहिला.

दारात धाकटी उभी होती, मुंगी कडेवर. किती दिवस, एवढंच तिने विचारलं. ते म्हणाले, सोमवारपासून, ती पहिल्यांदा प्यायली त्या दिवसापासून. आणि मग म्हणाले, "भुकेने तिचा आवाज निघत नव्हता. मला बघवलं नाही." हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायची माझी अजिबात तयारी नव्हती. त्यांनी काहीतरी मूर्खपणाचं बोलायला हवं होतं.

धाकटी आत आली. मुंगीला माझ्याकडे दिलं, बाटली सिंकमध्ये ओतली, घासली, उकळली. नवं पाणी, मोजून पावडर. हलवून एक थेंब मनगटावर टाकला, आणि मग तो जिभेने टिपला. तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

"कडू आहे," ती म्हणाली. "असू दे."

तिने नवऱ्याला काही विचारलं नाही. कितीतरी वर्षांनी मी तिला काही चाखताना पाहत होते. मुंगीने अर्थातच तोंड फिरवलं, आणि आता तर तिला चांगल्या चवीची सवय लागलेली. धाकटी चमच्याने पाजत बसली. अर्धा चमचा आत, पाव बाहेर. पुन्हा अर्धा. जीभसाहेब दाराबाहेर स्टुलावर बसून होते. मधूनच उठायचे आणि पुन्हा बसायचे. अंधार पडेपर्यंत साठ मिली पोटात गेलं होतं.

सोमवारी दवाखान्यात धाकटीने खुर्ची मागे ओढली आणि त्यांना म्हणाली, तुम्ही सांगा. त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. पाकिटं चोरून आणली हेही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं, बेसिनपाशी जाऊन हात धुतले, जरा जास्त वेळ धुतले. मग म्हणाल्या, म्हणजे या दुधाची परीक्षा अजून झालेलीच नाही. खाट आहे तर दोन दिवस इथेच ठेवू, नर्सबाई पाजतील, आणि चमच्याने घेतेय तोवर नळी नको.

"घरात आणखी कुणाच्याच लक्षात आलं नाही?" त्यांनी विचारलं. "एवढा वास असून?"

धाकटी म्हणाली, आमच्या घरात तो वास नेहमीचाच आहे. "आणि ताईला तर काल आल्याआल्या कळलं. ती होती म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मी वजनकाट्याकडे बघत राहिले.

मुंगी वाचली. दोन दिवसांत तिने बाटली धरली, कशी ते नर्सबाईंना विचारा. पुढच्या चौदा दिवसांत साडेतीनशे ग्रॅम वाढली, गाल साफ झाले, आणि आता ती त्या घाणेरड्या दुधाची बाटली पाहिली की हात पसरते. जीभसाहेबांनी मॅनेजरकडे जाऊन पाकिटांचं सांगितलं. लेखी ताकीद मिळाली, ती त्यांनी सही करून घेतली. घरी ते गुण देत नाहीत. माझं त्यांच्याबद्दलचं मत मात्र काही बदललेलं नाही. शहाणपणाची शेखी मिरवत पोरीला मरणाच्या दारात नेणारा माणूस तो आहेच, आणि आजही चहाचा घोट घेताना त्यांचे डोळे मिटतात ते मला दिसतं.

फक्त हिशोब सुटत नाही. मंगळवारी मला वास आला, गुरुवारी मी पाकिटं पाहिली. गुरुवारी संध्याकाळी एक शब्द बोलले असते तर पाकिटं फाटकातच राहिली असती, किंवा धाकटीने ती काढून वाचली तरी असती. गुरुवार ते रविवार दहा दिवस, दिवसाला सहा बाटल्या. दोनशे ग्रॅम. मी ते पाकीट दहा दिवस चघळत होते आणि पोरगी त्यावर झिजत होती. धाकटी येईल त्याला सांगते की ताईमुळे मुंगी वाचली. मी तिला एकदाही अडवलेलं नाही.

हल्ली जीभसाहेब दुपारच्या सुट्टीत खाली येतात. दारावर आता पाटी नसते. चष्मा घेतलाय. माझ्या टेबलासमोर उभे राहतात, नव्या लेबलाचा नमुना उचलतात आणि बोट ठेवून ओळ न ओळ वाचतात, पोरं पहिलीत वाचतात तसं, हळूहळू. खालच्या ओळीला आले की थांबतात.

"ताई, बरोबर आहे ना? तुमच्या नजरेतून काही सुटत नाही," ते म्हणतात. खरंच तसं वाटतं त्यांना.

मी हो म्हणते, लेबल त्यांच्या हातातून घेते आणि कोपऱ्यात सात लिहिते.